पटावर नसलेलं गाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'परदेशातील माझे अनुभव'. खरं सांगायचं तर माझे अनुभव वीस मिनिटं पुरणारे नाहीत. सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवारी कपडे धुणं, रविवारी इकडे फोन. तीस-पस्तीस वर्षं अशीच गेली. त्यामुळे विषय थोडा बदलून घेतो. बाईंनी आत्ताच मान हलवली, म्हणजे परवानगी आहे असं समजतो. निबंधात विषय सोडला की बाई लाल शाईने 'विषयांतर' लिहायच्या. आज शेवटपर्यंत ऐका, मग लिहा.

मी कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटो शहराजवळ राहतो. तिथून दक्षिणेला साधारण तीस मैलांवर, नदीच्या काठी, लॉक नावाचं एक गाव आहे. गाव म्हणजे काय, दोन समांतर रस्ते आणि लाकडी घरांच्या ओळी. वस्ती शंभराच्या आतली. आपल्या कुठल्याही वाडीत गणपतीला याहून जास्त माणसं जमतात. पण मला त्या गावाने जेवढं शिकवलं तेवढं तिथल्या मोठ्या शहरांनी शिकवलं नाही.

आधी त्या गावाचा दर्जा सांगतो. अमेरिकेत एखाद्या वस्तीला स्वतःची नगरपालिका हवी असेल तर ती रीतसर स्थापन करावी लागते. मग तिची हद्द ठरते, तिला महापौर, कौन्सिल, स्वतःचे कर, सगळं मिळतं. जी वस्ती हे करत नाही ती 'अनइन्कॉर्पोरेटेड'. म्हणजे माणसं आहेत, घरं आहेत, टपाल येतं, पण कारभार काउंटीकडे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीतली वाडी असते ना, सरपंच दुसऱ्या गावचा आणि रस्ता कधी होईल ते विचारायला तीन मैल चालत जायचं, तसंच काहीसं. लॉक हे अशा अनइन्कॉर्पोरेटेड गावांपैकी एक. तिथे कधीही महापौर नव्हता.

आता ते गाव झालं कसं ते ऐका. सॅक्रमेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या जिथे एकत्र येतात तिथे मोठा त्रिभुज प्रदेश आहे. पूर्वी तिथे नुसती दलदल आणि माणसाच्या उंचीचे लव्हाळे होते. 1860 ते 1880 या काळात चिनी मजुरांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन तिथे मैलोन्‌मैल मातीचे बांध घातले आणि सुमारे 88,000 एकर जमीन लागवडीखाली आणली असं सांगतात. त्यातले बरेच जण त्याआधी रेल्वेच्या कामावर होते. देशाच्या दोन टोकांना जोडणारी ती रेल्वे 1869 साली पुरी झाली आणि हजारो हात रिकामे झाले. ते हात बांधाकडे वळले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही. आपल्या खाडीकाठच्या मुलांनी खारबांध पाहिलेले आहेत. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, गोडं पाणी बाहेर जाण्यासाठी उघाडी, आणि बांध फुटला की अख्खी वाडी टोपल्या घेऊन धावते. तिकडेही तेच. फरक एवढा की तिथली माती दलदलीतल्या कुजलेल्या गवताची. ती वाळली, नांगरली गेली आणि दरवर्षी थोडी थोडी खाली गेली. आज तिथली कित्येक बेटं समुद्रसपाटीच्या दहा-वीस फूट खाली आहेत. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदी वर दिसते आणि दुसऱ्या बाजूला शेत खाली.

बांध झाले, शेती झाली. नाशपातीच्या बागा आल्या आणि अ‍ॅस्परॅगस आलं. ही आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी. दिवसभर वाकून एकेक कोंब लांब दांड्याच्या सुरीने कापायचा. लावणीच्या दिवसांत आपल्या आयांच्या कमरेचं काय व्हायचं ते आठवा, म्हणजे कल्पना येईल. हे काम मुख्यतः चिनी मजूर करायचे, पुढे जपानी, फिलिपिनो आणि आपल्या पंजाबकडचे लोकही आले.

लॉकच्या शेजारी वॉलनट ग्रोव्ह नावाचं गाव आहे. तिथे चिनी लोकांची वस्ती होती. ऑक्टोबर 1915 मध्ये ती वस्ती आगीत जळाली. त्या वस्तीत चीनमधल्या दोन वेगवेगळ्या भागांतली, वेगळी बोली बोलणारी माणसं होती. त्यातल्या चुंगशान भागातल्या लोकांनी ठरवलं की आता आपण वेगळं बसू. ली बिंग नावाचा व्यापारी आणि त्याचे सोबती जॉर्ज लॉक या जमीनदाराकडे गेले. त्याच्या जागेत रेल्वेच्या गोदामाजवळ दोन-तीन चिनी इमारती आधीपासून होत्या. त्यांच्या बाजूला गाव वसवायचं ठरलं. जमीन लॉक कुटुंबाची, घरं बांधायची चिन्यांनी, आणि जमिनीचं भाडं दरमहा द्यायचं. करार तोंडी झाला. कागद नाही, सही नाही.

कागद का नाही? कारण कागद करून ती जमीन विकत घेणं त्यांना कायद्यानेच बंद होतं. 1913 साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्या परदेश्याला अमेरिकेचं नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. चिन्यांना नागरिक होता येत नव्हतं, कारण तसा कायदा आधीच होता. म्हणजे आधी एक दार बंद करायचं आणि मग म्हणायचं, ज्याच्यासाठी ते दार बंद आहे त्याला हे दुसरं दारही बंद.

आपण भारतीय यातून सुटलो असं समजू नका. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीयांना नागरिकत्व मिळणार नाही. त्यानंतर हाच जमिनीचा कायदा पंजाबी शेतकऱ्यांवर आला. आपल्याला तिथे नागरिक होता येऊ लागलं ते 1946 पासून. त्या किनाऱ्यावर तेव्हा मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथे शेतकी शिकले आणि गदर चळवळीच्या उभारणीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे तिथूनच परत आले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला फासावर गेले. लॉक गावाची पहिली घरं उभी राहत होती तेच हे दिवस. सर, तुम्ही हा धडा आम्हाला शिकवला होता. पण त्याचा दुसरा अर्धा भाग मला तिकडे गेल्यावर कळला.

आता गावाच्या लोकसंख्येकडे येतो. 1920 च्या दशकात लॉकमध्ये सुमारे सहाशे माणसं कायमची राहत होती, आणि हंगामात हा आकडा हजाराच्या वर, दीड हजारापर्यंत जायचा. खानावळी, किराणा दुकानं, जुगाराचे अड्डे, एक नाटकगृह आणि मजुरांना राहायला खोल्या असलेली घरं होती. बरीच वस्ती पुरुषांची. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी होती, त्यामुळे बायका आणणं तर फार थोड्यांना जमलं. पुरुष इकडे, बायका-मुलं तिकडे चुंगशानला. पैसे पाठवायचे, पत्रं पाठवायची, आणि जमलं तर आठ-दहा वर्षांनी एकदा जाऊन यायचं.

मित्रांनो, लॉकमधल्या त्या खोल्या पाहताना मला लालबागची आमच्या गावकरी मंडळाची खोली आठवली. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचं, भिंतीला ट्रंका, खानावळीचा डबा. माझे वडील त्या खोलीत एकोणीस वर्षं राहिले. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील तिथेच कुठेतरी होते. मनीऑर्डर आली की पोस्टमनला चहा मिळायचा, आठवतं ना?

आणि म्हणून एक आकडा सांगतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. आपण अभिमानाने सांगतो की कोकणात मुलींचं प्रमाण चांगलं. पण त्या आकड्यात मुलींवरची माया जेवढी आहे त्याहून जास्त, मुंबईला गेलेले पुरुष आहेत. लॉकमध्ये बायका नाहीत आणि आपल्याकडे पुरुष नाहीत. मला हे एकाच चित्राचे दोन तुकडे वाटतात. कुठल्याही गावाची लोकसंख्या मोजताना त्याचा दुसरा तुकडा कुठे आहे ते विचारलं पाहिजे.

आता मला सर्वात जास्त भिडलेली गोष्ट. 1906 साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आगीत जन्माच्या नोंदी जळाल्या. मग अनेक चिनी माणसांनी सांगितलं की आम्ही इथेच जन्मलो. नोंद जळलेली, खोटं ठरवणार कसं? असा माणूस नागरिक ठरला की त्याच्या मुलांना येण्याचा हक्क. मग तो चीनमध्ये जाऊन यायचा, मला इतके मुलगे झाले म्हणून नोंदवायचा, आणि त्यातली एखादी जागा दुसऱ्याच्या मुलाला विकायचा. अशा मुलांना 'कागदी मुलगे' म्हणत. सरकारला हे ठाऊक होतं. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर 1910 ते 1940 या काळात आलेल्यांना अडकवून ठेवत आणि उलटतपासणी घेत. तुझ्या गावात घरांच्या किती ओळी आहेत? तुझं घर कितवं? विहीर कुठल्या बाजूला? दाराला पायऱ्या किती? शेजारच्या म्हाताऱ्याला मुलं किती? मग तेच प्रश्न बापाला. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवणी.

म्हणून पंधरा-सोळा वर्षांची पोरं बोटीवर बसून गावाचा नकाशा पाठ करत, आणि बेटावर पोचण्याआधी कागद समुद्रात टाकून देत. ज्यांचं ते गाव नव्हतं, त्यांनासुद्धा विहीर कुठल्या बाजूला ते पाठ होतं.

मी माझ्या मुलीला एकदा विचारलं, आपल्या घराला पायऱ्या किती? ती म्हणाली, "कुठल्या घराला, बाबा?" तिचा दोष नाही. ती चार वेळा इथे आली आहे, प्रत्येक वेळी आठ दिवस. पण मला तो प्रश्न त्या बेटावरच्या साहेबाने विचारल्यासारखा वाटला, आणि उत्तर माझ्याच बाजूने आलं नाही.

पुढे लॉकचं काय झालं? चिन्यांवरची बंदी 1943 साली उठली. जमिनीचा कायदा 1952 साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने रद्द केला. त्याच सुमारास, 1951 साली, गावातला दाय लॉय हा मोठा जुगाराचा अड्डाही सरकारने बंद केला. आता तिथे संग्रहालय आहे. पण गाव रिकामं होण्याचं खरं कारण तिथली मुलं शिकली हे आहे. त्या भागातल्या आशियाई मुलांना गोऱ्यांपासून वेगळ्या शाळेत बसवत असत. दिवसा ती शाळा आणि संध्याकाळी गावातल्या चिनी शाळेत अक्षरं घोटायची. एवढं करून ती मुलं इंजिनियर झाली, दंतवैद्य झाली, शहरात गेली. आईबापांना तेच हवं होतं. आपल्या आईबापांनाही तेच हवं होतं. यात कोणाचा गुन्हा नाही. पण गाव रिकामं व्हायचं ते झालंच.

1971 साली सरकारने गाव ऐतिहासिक म्हणून नोंदवलं, 1990 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. पाट्या लागल्या, पर्यटक आले. तरी घरांखालची जमीन घरवाल्यांची झालेली नव्हतीच. 1977 साली तर लॉक कुटुंबाची ती जमीन हाँगकाँगच्या एका विकासकाला विकली गेली होती. शेवटी तिथल्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने ती विकत घेतली, तुकडे पाडले आणि 2004 साली घरमालकांना घराखालची जमीन विकत घेता आली. गाव वसल्यापासून 89 वर्षांनी. तोवर चिनी वंशाची माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. हक्क आला आणि घ्यायला माणूस नव्हता, असं काहीसं झालं.

हे मला का लागलं ते सांगतो. आमच्या वाडीतलं आमचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला आजोबांच्या नावावर आहे. घरपट्टी आम्ही भरतो. घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं आहे. भाताची खाचरं कुळकायद्यात आजोबांच्या नावावर झाली, पण घर तोंडी परवानगीने बांधलेलं, त्याला कागद नाही. आजोबांना विचारलं तर म्हणायचे, "राहतोय ना? मग झालं." राहतोय तोवर झालं, हे खरंच आहे. आता तिथे कोणी राहत नाही. चुलतभाऊ वर्षातून दोनदा उघडून झाडतो. माझी खात्री आहे की या सभागृहात असं घर असलेला मी एकटा नाही. दर हात वर करायला लावत नाही, पण शेजारी बसलेल्याकडे बघा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सांगून करायचं काय? जमिनीचं ज्याने त्याने तलाठ्याकडे जाऊन बघावं, आणि लवकर बघावं, म्हातारी माणसं आहेत तोवर. पण एक काम आपण सगळ्यांनी मिळून करण्यासारखं आहे.

लॉकमध्ये जेव्हा शेवटची पिढी उरली होती तेव्हा जेम्स मॉटलो नावाचा फोटोग्राफर तिथे राहायला आला. त्याने आणि जेफ गिलेनकर्क या लेखकाने त्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, फोटो काढले, आणि 1987 साली पुस्तक काढलं. नाव 'बिटर मेलन', म्हणजे कारलं. कोणी किती वर्षं कोंब कापले, कोणाची बायको किती वर्षांनी आली, सगळं त्यांच्याच तोंडून. आज त्या गावातली माणसं गेली, पण गावाला कोणी विचारलं की तुझी विहीर कुठे, तर उत्तर आहे.

आपल्या वाड्यांचं उत्तर कुठे आहे? जनगणनेचे आकडे महसुली गावाचे असतात, वाडीचे नसतात. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती आणि 2011 साली 16,15,069. जिल्हा ऐंशी हजारांनी कमी झाला, पण त्यात आमची वाडी कितीने कमी झाली हे त्या तक्त्यात कळत नाही. वाडीचं नाव लिहिलेला एकच जुना सरकारमान्य कागद मला माहीत आहे, आणि तो या इमारतीत आहे. आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर.

काल मुख्याध्यापकबाईंच्या परवानगीने मी ते पाहिलं. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. पण प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण म्हणून वाडी, आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण'. त्या रकान्यात पानंच्या पानं दोनच शब्द आहेत: 'मुंबईस गेला'. काही ठिकाणी 'मुंबईस गेली'. कुठे 'घरकाम'. कुठे 'मयत'. आपल्या अकरा वाड्यांची साठ वर्षांची वस्ती, कोण आलं, कोण गेलं, कधी गेलं, सगळं त्या चार जाड वह्यांत आहे. ज्याने ते वळणदार अक्षरात लिहिलं त्या आपल्या कारकूनकाकांना आपण फक्त फी मागणारे काका म्हणून ओळखलं.

यंदा आपल्या शाळेत दहावीची मुलं एका रांगेच्या बाकांवर मावतात. आपण एका बाकावर तिघे बसायचो. पट असाच घसरला तर ही शाळा दुसऱ्या शाळेत मिळवायची चर्चा होणार हे इथल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शाळा टिकावी म्हणून जे करता येईल ते आपण करूच. पण उद्या कपाट हललं तर वह्या कुठे जातील ते कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी. एक, या चारही वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवायचे. त्याचा खर्च आमची बॅच करील, तुम्हाला फक्त हो म्हणायचं आहे. दोन, मागच्या टेबलावर अकरा कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, प्रत्येक वाडीची एक. जेवायला जाण्याआधी आपापल्या वाडीची वही उघडा. घरांच्या ओळी काढा, आपलं घर कितवं, विहीर कुठे, देऊळ कुठे, कोणत्या घरात कोण होतं आणि कधी कुठे गेलं, एवढं लिहा. शुद्धलेखन बघणार नाही, बाईंनी तसं वचन दिलं आहे. पायऱ्या आठवत असतील तर त्याही लिहा. आणि शेजारच्या घरचं त्याला आठवत नसेल तर तुम्ही सांगा. पूर्वी पेपरात सांगायचात तसंच.

आमच्या वाडीच्या वहीत मी काल रात्री सुरुवात केली आहे. एकवीस घरं आठवली. तेवीस होती असं चुलतभाऊ म्हणतो. उरलेली दोन आमच्या वाडीतल्या मुली सांगतील, कारण कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते त्यांनाच माहीत असायचं.

बाई, विषयांतर झालं असेल तर शेरा द्या.